वस्तऱ्याचा घरगुती पट्टा पुन्हा पुन्हा वाकतो: चामडं सपाट कसं करायचं आणि सपाट कसं ठेवायचं

वस्तऱ्याची धार ज्यावर फिरवून परजतात तो चामड्याचा पट्टा घरी करणाऱ्यांची तक्रार दरवेळी जवळपास सारखीच असते. चपलांच्या तळाच्या चामड्याची पट्टी आणली, गुंडाळी सुटेना म्हणून ओली केली, वर विटा ठेवल्या, वाळल्यावर फळीवर चिकटवली. दोन-चार दिवस सगळं छान. मग एका बाजूची कड नखाएवढी वर येते, मधोमध पोक येतो, नाहीतर आख्खा पट्टा पन्हळीसारखा होतो. पुन्हा ओला करा, पुन्हा विटा ठेवा, पुन्हा तेच. सोलापुरात वस्तरा वापरणारी, स्वतःचा पट्टा स्वतः करणारी जी थोडी माणसं मला ठाऊक आहेत, त्यांच्यापैकी बहुतेकांनी हा प्रश्न कधी ना कधी विचारलेला आहे.

उत्तर आधीच सांगतो. वजनाने चामडं सपाट होत नाही. वजन त्याला फक्त जागेवर धरून ठेवतं. चामडं सपाट होतं ते दोन्ही बाजूंनी सारखं ओलं होऊन, दोन्ही बाजूंनी सारख्याच गतीने सावकाश वाळल्यावर. ही एक गोष्ट सांभाळली तर दोन विटाही पुरतात. ती चुकली तर अख्खा पलंग वर ठेवला तरी पट्टा वाकणारच.

एवढा खटाटोप कशासाठी, हेही सांगायला हवं. वस्तऱ्याचं पातं साधारण 75 मि.मी. लांब असतं. परजताना त्याची जाड पाठ आणि धार एकाच वेळी चामड्याला टेकलेली असतात. धारेचा कोन आपला हात ठरवत नाही, पात्याची पाठ ठरवते. चामड्याला फुगवटा असेल तर तो धारेपाशी वर येऊन तिला वेढतो आणि धार गोल होते. खोलगट असेल तर पात्याच्या मधल्या भागाला चामडं लागतच नाही, फक्त टोकं घासली जातात. दाढी करताना वस्तरा एका जागी गुळगुळीत चालतो आणि दुसऱ्या जागी केस ओढतो. मग माणसाला वाटतं की दगडावरची धारच कच्ची राहिली. तो परत दगडाकडे वळतो आणि चांगलं पोलाद विनाकारण झिजवतो. दोष दगडात नव्हता, वस्तऱ्यातही नव्हता.

आधी बघा, वाकलंय नेमकं काय

चामड्याला हात लावण्याआधी फळी तपासा. कितीतरी पट्टे फळीमुळे वाकतात आणि बोल चामड्याला लागतो. स्टीलची फूटपट्टी कडेवर उभी धरून फळीवर ठेवा आणि डोळा खाली आणून उजेडाच्या दिशेने बघा. फूटपट्टीखालून उजेडाची रेघ दिसली तर तिथे खोलगा आहे. लांबीत बघा, रुंदीत बघा, दोन्ही कर्णांवरही बघा. कर्णांवर फरक दिसला तर फळीला पीळ आहे. असली फळी सुताराकडून रंधून घ्या नाहीतर सोडून द्या, कारण चामड्याने पीळ झाकला जात नाही.

फळी सरळ निघाली तर चामड्याकडे या. ते नुसतं, कशालाही न चिकटवता, जाड काचेवर ठेवा आणि कडेने बघा. इथे तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखाव्या लागतात. लांबीत वळलेलं असेल तर बहुधा गुंडाळून ठेवल्याची सवय आहे, ती सहज जाते. रुंदीत पन्हळ असेल, म्हणजे दोन्ही लांब कडा वर आणि मध्य खाली, किंवा उलट, तर दोन बाजूंतल्या ओलाव्याचा फरक आहे. आणि कुठेच ठरावीक वळण नसून लाटा असतील, एका जागी दाबलं की दुसरीकडे उचलत असेल, तर चामडं जनावराच्या अंगावरच्या चुकीच्या जागेचं आहे. या तिसऱ्या प्रकारावर वेळ घालवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

चामडं वळतं का

चामड्याच्या दोन बाजू एकसारख्या नसतात. केसाकडच्या गुळगुळीत बाजूचे तंतू बारीक आणि घट्ट विणलेले असतात, मांसाकडच्या खडबडीत बाजूचे जाड आणि सैल. तंतू पाणी प्यायले की फुगतात, वाळले की आकसतात. एक बाजू आधी वाळली की ती आधी आकसते आणि ओल्या बाजूला आपल्याकडे ओढते. गच्चीवर घातलेल्या पापडाच्या कडा उन्हाकडे वर येतात, त्यामागचं कारण हेच. पापडात पुढे खालची बाजूही वाळते, पण तोवर वाक पक्का झालेला असतो. चामड्याचंही तसंच.

आता यात सोलापूरची हवा मिळवा. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांपर्यंत जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते की ओलं फडकं बघता बघता वाळतं. मग पावसाळा येतो, आणि आपल्याकडे पावसाचा खरा जोर सप्टेंबरात असतो. त्यानंतर ऑक्टोबरचं ऊन. म्हणजे वर्षातून निदान दोनदा चामड्यातला ओलावा मोठ्या फरकाने बदलतो. मेमध्ये घाईने वाळवून चिकटवलेला पट्टा ऑगस्ट-सप्टेंबरात फुगतो, आणि पावसात केलेला पट्टा पुढच्या उन्हाळ्यात आकसून कडा सोडतो. दर सहा महिन्यांनी तेच दुखणं परत येतं ते यामुळे.

शिवाय घराघरांत उन्हाळ्यात कूलर चालतो. पट्टा कूलरच्या झोतासमोर भिंतीला टांगलेला असेल तर समोरच्या बाजूला ओलसर वारा लागतो आणि मागची बाजू भिंतीच्या उष्णतेने वाळते. पश्चिमेची भिंत असेल तर विचारूच नका, ती रात्री उशिरापर्यंत तापलेली असते. न्हाणीघरातल्या खुंटीवर टांगलेल्या पट्ट्याचंही असंच होतं. दुखणं परत परत येत असेल तर पट्टा कुठे राहतो हे आधी बघा. आतल्या खोलीत, बाहेरची नसलेल्या भिंतीवर, हवा दोन्ही बाजूंनी खेळेल असा टांगा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

चामडं कोणतं घ्यावं

या कामाला झाडांच्या साली-फळांनी कमावलेलं चामडं लागतं. बाभळीची साल आणि हिरडा ही आपल्याकडची जुनी कमावणी, कोल्हापुरी चपलांचं चामडं याच पद्धतीचं. त्या चपलांना 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांमध्ये सोलापूरचंही नाव आलं, म्हणजे हे चामडं आपल्याला परकं नाही. चपला बांधणाऱ्या कारागिराकडे जा आणि तळाच्या चामड्याचा सरळ तुकडा मागा. वस्तऱ्याच्या पट्ट्यासाठी हवा आहे हे जरूर सांगा. जाणता कारागीर तुम्हाला पोटाकडचा तुकडा देणारच नाही, तो पाठीचा काढून देईल.

पाठीचा आणि पोटाचा फरक हाच लाटांचा उलगडा आहे. पाठीकडचे, विशेषतः मागच्या पुठ्ठ्याकडचे तंतू दाट आणि एकसारखे असतात. पोटाकडचं, बगलेकडचं चामडं सैल आणि ताणणारं, आणि एकाच तुकड्यात जागोजागी वेगळं. ते दाबून सपाट होतं, पण राहत नाही. ओळखायला सोपं आहे: पट्टी दोन्ही हातांत धरून ओढा, मग गुळगुळीत बाजू आत येईल अशी वाकवून तिच्याकडे बघा. पोटाचं चामडं जास्त ताणतं आणि वाकवल्यावर त्यावर मोठ्या सैल सुरकुत्या उठतात. पाठीचं घट्ट राहतं, त्यावर अगदी बारीक सुरकुत्या दिसतात. जाडी 3 मि.मी.च्या आसपास पुरे. तळाचं चामडं यापेक्षा जाड असलं तर कारागिराकडून रापीने, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराने, मागून तासून घ्या, पण सगळीकडे सारखं. एका टोकाला 4 आणि दुसऱ्या टोकाला 2 मि.मी. झालं तर ते असमान वाळेल आणि परत वाकेल.

क्रोमने कमावलेलं चामडं, म्हणजे पिशव्या-जाकिटांचं मऊ चामडं, पाण्याने सपाट करायच्या नादी लागू नका. ते पाणी सहजासहजी पीत नाही आणि दाब काढला की मूळ आकारात परत येतं. ओळखायचं असेल तर मांसाकडच्या बाजूवर पाण्याचा थेंब टाका. साली-फळांनी कमावलेलं चामडं तो लगेच शोषतं आणि तिथे गडद होतं. कापलेली कडही बघा: ती आरपार तपकिरी असेल तर काम होईल, आत निळसर-करडी रेघ दिसली तर ते क्रोमचं. असं चामडं नाइलाजाने वापरायचंच असेल तर पाण्याशिवाय सरळ फळीवर चिकटवा.

आपल्या शहरात आणखी एक वस्तू मिळायची आणि अजूनही भंगारात कधीतरी दिसते: गिरण्यांचे चामडी पट्टे. 1877 मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलपासून पुढे कितीतरी वर्षं छताखालच्या फिरत्या दांड्यावरून खालची यंत्रं चामड्याच्या चपट्या पट्ट्यांनी चालायची. ते चामडं अव्वल, पाठीचंच. असा तुकडा हाती लागला तर तो टाकून देऊ नका, वस्तऱ्यासाठी त्याहून चांगलं चामडं आज शोधूनही अवघड आहे. मात्र त्याची एक खोड समजून घ्यावी लागते. पट्टा घसरून पडू नये म्हणून पुलीचा मधला भाग किंचित फुगीर ठेवलेला असतो. त्यावर वर्षानुवर्षं फिरून पट्ट्याचा मध्य कडांपेक्षा जास्त ताणला जातो. असा पट्टा पूर्ण रुंदीत कधीच सपाट बसत नाही, मध्ये फुगवटा राहतोच. तो मधोमध उभा चिरा आणि एका बाजूची पट्टी वापरा. लांबीत दोन तुकडे तिरपे तासून जोडलेले असतात, तो जोड टाळून कापा. आणि मुरलेलं तेल-राळ आधी काढावं लागतं: कोरड्या मुलतानी मातीचा थर देऊन दोन दिवस ठेवा, झटका, पुन्हा द्या. तेलकट चामडं पाणीही नीट पीत नाही आणि गोंदही धरत नाही.

ओलं करून दाबण्याची रीत

बादलीत बुडवू नका. स्वच्छ, साधं पाणी स्पंजने दोन्ही बाजूंना लावा. मांसाकडची बाजू पटकन पिते, गुळगुळीत बाजू हळू, म्हणून गुळगुळीत बाजूला जास्त वेळा फिरवा. रंग सगळीकडे सारखा गडद झाला की थांबा. बुडबुडे येईपर्यंत भिजवलं तर चामडं फुगतं आणि आतली कमावणी पाण्यात उतरायला लागते.

आता ज्या पायरीला बहुतेक जण फाटा देतात ती. ओला पट्टा प्लास्टिकच्या पिशवीत सपाट ठेवून, पिशवी बंद करून, रात्रभर सावलीत ठेवा. ओलावा आतपर्यंत आणि सगळीकडे सारखा पोचतो तो याच वेळेत. सकाळी पट्टा जवळपास मूळ रंगावर आलेला दिसेल, पण गालाला लावला तर गार लागेल. ही खरी कामाची अवस्था. त्याहून जास्त काळ पिशवीत ठेवू नका, विशेषतः पावसाळ्यात, बुरशी धरते.

मग सपाट जागा हवी. शहाबादी फरशी घरात असतेच, पण तिच्यावर भरवसा ठेवू नका, तिला नैसर्गिक उंचसखलपणा असतो आणि ओलं चामडं तो हुबेहूब उचलतं. स्वयंपाकाच्या ओट्याचा घासून चकचकीत केलेला ग्रॅनाइट किंवा 8-10 मि.मी. जाडीची काच उत्तम. पट्टा गुळगुळीत बाजू खाली करून ठेवा. काचेच्या बाटलीने किंवा घोटीव लाटण्याने मधून कडांकडे लाटा, सौम्य दाबाने. ओढून ताणू नका. ओलं असताना ताणलेलं चामडं वाळताना ते ताणणं परत घेतं, आणि घेताना सारखं घेत नाही.

लाटून झालं की दाबायची तयारी. इथे एक सोलापुरी सावधगिरी: ओलं टिपायला टर्किश टॉवेल वापरू नका. आपल्या घरात तोच पहिला हाताशी येतो, पण त्याचे फासे ओल्या चामड्यावर जसेच्या तसे उमटतात आणि मग ते घासून काढताना निम्मी जाडी जाते. जुन्या धोतराचं मऊ, सपाट कापड चार घड्या करून घ्या. वर्तमानपत्रही नको, शाई लागते. खाली कापड, त्यावर पट्टा, वर कापड, त्यावर सरळ फळी, आणि फळीवर वजन. वजन फळीच्या पूर्ण लांबीवर वाटलेलं असावं. एका टोकाला पाच किलो आणि दुसरीकडे काहीच नाही, असं नको. एकूण दहा-बारा किलो पुरतं.

उघडं लोखंड चामड्याला टेकू देऊ नका. सालीतलं टॅनिन, म्हणजे चामडं कमावणारा तुरट अंश, आणि लोखंड ओलाव्यात भेटले की निळा-काळा डाग पडतो. पडलाच तर लिंबाचा रस लावल्यावर फिका होतो, मग ती जागा साध्या पाण्याने पुसून घ्या.

आता धीर धरायचा. सकाळ-संध्याकाळ वजन काढा, कापडं बदला आणि पट्टा पालथा करा. पालथा करणं ही यातली सर्वात महत्त्वाची हालचाल आहे, दोन्ही बाजू सारख्या वाळतात त्या यामुळे. सावलीत, पंख्याखाली नाही, कूलरसमोर तर अजिबात नाही. उन्हाळ्यात तीन दिवस, पावसाळ्यात पाच-सहा दिवसही लागतात. वाळलं की नाही ते गालाला लावून बघा: गार लागत असेल तर आत ओल आहे. ओल असताना वजन कायमचं काढलं तर उरलेलं वाळणं मोकळ्यावर होतं आणि कालपर्यंतचा सपाट पट्टा आज वाकतो. माझ्या पाहण्यात ‘सपाट झाला होता पण परत वळला’ अशा तक्रारींमागे सगळ्यात जास्त वेळा हेच असतं, एका दिवसाची घाई.

घाई म्हणून इस्त्री, उकळतं पाणी किंवा मे महिन्यातला तापलेला पत्रा वापरणारे लोक आहेत. साली-फळांनी कमावलेलं ओलं चामडं साधारण 70 ते 85 अंशांना आकसतं, आणि ते आकसणं कायमचं असतं. चामडं कडक, सुरकुतलेलं आणि ठिसूळ होतं. त्यावर उपाय नाही. कोरड्या चामड्याला लांबीत किरकोळ वळण असेल तर पाण्याचीही गरज नसते. हातभर लांब जाड पाइपावर उलट्या दिशेने गुंडाळा, दोरी बांधा, दोन दिवस ठेवा, पुरे.

तरी उरलेला उंचसखलपणा

सपाट वाळलेल्या चामड्यावरही बारीक टेकाडं असतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, वस्तऱ्याला कळतात. काचेवर खडूची बारीक पूड पसरून पट्टा गुळगुळीत बाजूने त्यावर हलकेच फिरवा. जिथे खडू लागला ते उंच, जिथे लागला नाही तो खोलगा. मग काचेवर पॉलिश पेपर चिकटवा, आधी 220 चा, शेवटी 400 चा, आणि पट्टा त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा. हाताचा दाब मध्यावर ठेवा. बोटं कडांवर दाबली की कडा उतरतात. खडूची परीक्षा मधूनमधून करत राहा. खडू सगळीकडे सारखा लागला की थांबा. गुळगुळीत बाजूचा वरचा थर पातळ असतो, तो पूर्ण खाऊन टाकायचा नाही, नुसती चकाकी जाऊन मखमल यावी इतकंच.

घासल्यावर पट्टा ब्रशने झाडा, मग किंचित ओलसर फडक्याने दोनदा पुसा. पॉलिश पेपरचा एक कण चामड्यात रुतून राहिला तर तो प्रत्येक फेरीत धारेला ओरखडा काढत राहील.

चिकटवणं, जिथे केलेलं काम वाया जातं

घरात पांढरा लाकडाचा गोंद असतो आणि सगळे तोच घेतात. तो लाकडाला लाकूड जोडायला उत्तम आहे. अडचण त्याच्या ताकदीची नाही, त्यातल्या पाण्याची आहे. गोंद चामड्याच्या फक्त मागच्या बाजूला लागतो, ती बाजू पाणी पिऊन फुगते, पुढची कोरडी राहते. म्हणजे इतक्या मेहनतीने घालवलेला फरक आपण स्वतःच्या हाताने परत आणतो. फळी पातळ असेल तर तीही एका बाजूने ओली होऊन वाकते.

म्हणून चपला-बूट करणारे ज्याला सोल्युशन म्हणतात तो रबरी चिकटपदार्थ घ्या. फेव्हिकॉलचा एसआर याच जातीचा. त्यात पाणी नसतं. चामड्याची मागची बाजू आणि फळी दोन्ही 80 च्या पेपरने खरवडा, झाडा, दोन्हींवर पातळ एकसारखा हात द्या, आणि बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा. एरवी दहा-पंधरा मिनिटं लागतात. मेच्या दुपारी ते पाच मिनिटांत होतं आणि कडेला लावेपर्यंत मध्य सुकून जातो, म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर करा. मुसळधार पावसाच्या दिवशी करूच नका: द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दमट हवेतलं पाणी जमतं आणि जोड दुबळा होतो. खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅसची शेगडी चालू असलेल्या खोलीत हे काम करू नका, याची वाफ पेट घेते.

दोन पृष्ठभाग एकदा टेकले की सरकवता येत नाहीत. म्हणून चामडं फळीपेक्षा दोन्ही बाजूंनी 3-4 मि.मी. जास्त ठेवा. एका टोकापासून टेकवत, बाटलीने लाटत दुसऱ्या टोकाला जा, म्हणजे मध्ये हवा अडकत नाही. जास्तीची कड दुसऱ्या दिवशी धारदार रापीने फळीला लागून कापा. शेवटी लांब कडांची वरची धार पॉलिश पेपरने किंचित मोडा, उघडी टोकदार कड वस्तरा अडकून उचलली जाते.

फळी म्हणाल तर जुन्या दाराचं मुरलेलं सागवान किंवा 18 मि.मी.ची चांगली प्लाय. नुसत्या एका बाजूला चामडं लावलं की तीच बाजू ऋतूप्रमाणे ओढत राहते. म्हणून फळीच्या दोन्ही बाजूंना एकाच पट्टीतले, एकाच जाडीचे तुकडे लावा. ओढ दोन्हीकडून सारखी राहते आणि फळी मधोमध सरळ उभी राहते. एक बाजू कोरडी ठेवा, दुसरीला हिरव्या क्रोमियम ऑक्साइडचा, म्हणजे धार घासून चकचकीत करणाऱ्या पुडीचा, अगदी पातळ हात द्या, दोन कामं होतात. फळीच्या उघड्या कडांना आणि मुठीला व्हार्निश लावा, नाहीतर ओलावा तिथून शिरतो. ज्यांना दरवर्षी पट्टा दुरुस्त करावा लागतो त्यांना मी आधी एवढंच विचारतो: दुसऱ्या बाजूला चामडं आहे का?

पांढराच गोंद वापरायची वेळ आली तर अगदी पातळ थर द्या, चामड्याची वरची बाजूही ओलसर स्पंजने पुसून घ्या म्हणजे फरक कमी होईल, आणि वर प्लास्टिक व सरळ फळी ठेवून क्लॅम्प लावा. वजन काढायची घाई तिथेही नकोच, दोन पूर्ण दिवस द्या.

टांगता पट्टा

हुकाला अडकवून हाताने ताणून धरायच्या पट्ट्याला फळीचा आधार नसतो, म्हणून पन्हळ पडली की तिथे लगेच जाणवते. मला स्वतःला टांगताच आवडतो, पण पहिल्यांदा करणाऱ्याने फळीवरचा करावा. टांगत्याची पन्हळ बहुधा तेलाने पडते: लोक गुळगुळीत बाजू चमकावी म्हणून फक्त तिलाच तेल लावतात. तेल लावायचं तर मागून, अगदी थोडं, आणि वर्षातून एकदा. खोबरेल नको, थंडीत थिजतं आणि पुढे खवटतं. रोज परजण्याआधी तळहाताने दाबून दहा-वीस वेळा लांबीत चोळणं हे तेलापेक्षा चांगलं. हाताची ऊब आणि त्वचेचं हलकं तेल चामड्याला मऊ आणि सरळ ठेवतं, जुने न्हावी हेच करत आले. वापर झाला की पट्टा नुसता लोंबता ठेवा. गुंडाळून कपाटात ठेवू नका.

पन्हळ पडलेलीच असेल तर हूक काढून घ्या, वर सांगितलेली पिशवीची आणि दाबायची रीत पूर्ण करा, फक्त पाणी कमी वापरा. धातूची कडी ओल्या चामड्याला लागलेली राहू देऊ नका.

कड उचललीच आहे, आता काय

नुसती कड सुटली असेल तर आख्खा पट्टा काढू नका. आगकाडीच्या टोकाने फटीत आतपर्यंत सोल्युशन घाला, चामडं आणि लाकूड दोन्हींना लागू द्या. फट उघडी राहावी म्हणून काडी तिथेच ठेवून दहा मिनिटं थांबा, काडी काढा आणि घट्ट दाबा.

मधोमध फुगवटा असेल, दाबल्यावर पोकळ लागत असेल, तर सुईने भोकं पाडून गोंद घालण्याचा उपाय करू नका. गोंद आत गोळा होतो आणि त्याचाच उंचवटा तयार होतो. चामडं काढावंच लागतं. केस वाळवायच्या यंत्राने ऊब द्या, सोल्युशन मऊ पडतं, मग एका टोकाकडून चामडं जवळपास आडवं धरून हळूहळू मागे ओढा. उभं ओढलं तर मागचे तंतू फाटून राहतात. फळीवरचा जुना थर रापीने खरवडून टाका, त्यावर नवा थर देऊ नका. काढलेलं चामडं एका बाजूने ताणलेलं असतं, ते लगेच परत चिकटवू नका. पाणी, रात्रभर पिशवी, कापडं, वजन, पालथं करणं, हे सगळं पुन्हा करा, आणि गालाला गार लागायचं थांबल्यावरही आणखी एक दिवस वजनाखाली राहू द्या.

पट्टा नव्याने करायचा असेल तर नोव्हेंबर-डिसेंबर निवडा. हवा ना फार कोरडी ना फार दमट. तेव्हा चिकटवलेल्या चामड्याला पुढच्या उन्हाळ्याकडेही फार जावं लागत नाही आणि पावसाळ्याकडेही नाही.